मृग, मांडव आणि आई

आमच्या रत्नागिरीला मासळी घरची, आंबा घरचा, नारळ घरचा; भाजी मात्र बरीचशी घाटावरची. कोल्हापूर-सांगलीकडे पिकलेली वांगी, कोबी, टोमॅटो आणि मेथीच्या जुड्या टेम्पोतून आंबा घाट उतरतात आणि सकाळी आमच्या बाजारात येतात. घाट चालू आहे तोवर ही गोष्ट कोणाच्या ध्यानातही येत नाही. जुलै २०२१ मध्ये ती आली. २२ तारखेला चिपळूण पाण्याखाली गेले, त्याच अतिवृष्टीत आंबा घाटातील रस्त्याचेही नुकसान झाले आणि बाजारातल्या भाजीच्या टोपल्या रोडावल्या.

त्या आठवड्यात एक मधुमेही आजी तपासणीसाठी आल्या होत्या. सवयीप्रमाणे मी म्हणालो, "पालेभाजी रोज पोटात जायला हवी हं, आजी." त्या शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, जुडीचा भाव विचारलात का आज?" मी विचारला नव्हता. गेली पंचवीस-सव्वीस वर्षे मी लोकांना भाजी खायला सांगत आलो आहे. ती येते कोठून आणि न आली तर काय, हा प्रश्न मला त्या दिवसापर्यंत पडला नव्हता. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाने दिवसाला किमान ४०० ग्रॅम फळे व भाज्या खाव्यात असे सांगते. चार माणसांच्या घराला हा हिशेब रोज १ किलो ६०० ग्रॅमचा होतो. निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घराने तो ऐन पावसाळ्यात कसा बसवावा, हे औषधाच्या चिठ्ठीवर लिहून देता येत नाही.

आजींच्या मागोमाग आलेले एक गृहस्थ हे संभाषण ऐकत होते. ते हसून म्हणाले, "आमचं काही अडत नाही. मागीलदारी आळू आहे, शेवगा आहे, मांडवावर पडवळ आहे." पंचाहत्तरी उलटलेले हे गृहस्थ शहराच्या अगदी कडेला राहतात. त्यांचे ते वाक्य ऐकताना मला माझ्या आईचे परसू आठवले आणि आज जे लिहायचे आहे ते तेथूनच सुरू होते.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांनी असे परसू पाहिले असेल. न्हाणीघराचे सांडपाणी जिकडे वाहून जाई तिकडे आळू आणि केळी. विहिरीच्या पाटाशी तोंडलीचा वेल. गोठ्याच्या कौलांवर चढवलेला लाल भोपळा. कुंपणाला शेवगा आणि कडीपत्ता. आणि पावसाळ्यात अंगणापलीकडे घातलेला मांडव. त्यावर पडवळ, दोडकी, कारली, काकडी. पडवळ सरळ वाढावे म्हणून त्याच्या टोकाला सुतळीने लहानसा दगड बांधलेला असे. पाऊस सरला की त्याच जागेत लाल माठ, मुळा, मिरची आणि वाल. चुलीतली राख मातीत, शेण मातीत, भाजीची देठे मातीत. पाण्याचा पुनर्वापर आणि कचऱ्याचे व्यवस्थापन यांवर आज शहरांत व्याख्याने होतात. माझ्या आजीने असे एकही व्याख्यान ऐकले नव्हते, पण तिच्या घरातून केराची टोपली कधी बाहेर गेल्याचे मला आठवत नाही.

वडील गेल्यावर, २०१८ मध्ये, आम्ही आईला गावाहून रत्नागिरीस आमच्या सदनिकेत आणले. तिचे वय तेव्हा ऐंशीच्या घरात होते. येथे तिला सगळे होते. वेळेवर चहा, दूरदर्शन, दुसऱ्या मजल्यावरचा मोकळा वारा आणि घरातच डॉक्टर. काम तेवढे नव्हते. तीन-चार महिन्यांत ती बोलायची कमी झाली. तीच गोष्ट पुन्हा विचारणे, चष्मा फ्रीजमध्ये ठेवणे, संध्याकाळ झाली की "घरी जायचंय" म्हणून पिशवी भरणे, ही लक्षणे मी दुसऱ्याच्या आईत पाहिली असती तर पहिल्याच भेटीत ओळखली असती. स्वतःच्या आईत ओळखायला मला आठ महिने लागले.

तिच्यासाठी गच्चीवर चार कुंड्या आणल्या त्या माझ्या पत्नीने. माझा त्या कल्पनेवर फारसा विश्वास नव्हता. पण मेच्या अखेरीस आईने साडीच्या घडीतून एक जुना डबा काढला. त्यात राखेत ठेवलेल्या पडवळाच्या आणि भोपळ्याच्या बिया होत्या. गाव सोडताना तिने त्या कोणाला न सांगता बरोबर घेतल्या होत्या. सकाळी काय जेवली हे तिला सांगता येत नव्हते. रोहिणी नक्षत्र लागले आहे आणि मृगापूर्वी आळी तयार हवीत, हे मात्र तिने आम्हा सर्वांना बजावले.

या विसंगतीचे वैद्यकीय कारण आहे. आपली स्मृती एकाच कपाटात ठेवलेली नसते. काल काय घडले याची स्मृती मेंदूच्या ज्या भागांवर अवलंबून असते ते भाग अल्झायमरसारख्या विकारात लवकर बाधित होतात. हातांनी हजारो वेळा केलेल्या कृतींची स्मृती निराळ्या भागांत असते आणि पुष्कळदा ती पुष्कळ काळ टिकते. म्हणून नातवाचे नाव विसरलेली बाई भाकरी थापू शकते, आणि भाकरी थापू न शकणारी बी पेरू शकते. ज्या घरांत असे रुग्ण आहेत त्यांनी रुग्णाला नवे काही शिकविण्याच्या भरीस पडू नये. जुन्या हाताला जुने काम द्यावे. बागकामाने स्मृतिभ्रंश बरा होतो, असे मात्र मी लिहिणार नाही, कारण ते खरे नाही. झोप सुधारते, भूक लागते, संध्याकाळची अस्वस्थता थोडी उतरते. एवढे मी घरी आणि दवाखान्यात पाहिले आहे.

शहरात, गच्चीवर, मातीशिवाय शेती हा विचार महाराष्ट्राला नवा नाही, आणि तो परदेशातूनही आलेला नाही. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्रीपाद अच्युत दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' ही चळवळ उभी केली. तासगावच्या द्राक्ष बागायतदारांना त्यांनी एकमेकांच्या अनुभवातून शिकण्याची सवय लावली आणि शहरातल्या माणसाला पालापाचोळ्यातून सुपीक माती घरी तयार करण्याची रीत दिली. त्यांचे 'विपुलाच सृष्टी' हे पुस्तक आजही अनेक गच्चीबागवाल्यांच्या घरी असते. त्याच पद्धतीने मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर तेथील खानपान अधिकारी प्रीती पाटील यांनी या शतकाच्या आरंभी बाग फुलवली. हजारो कामगारांच्या स्वयंपाकातला ओला कचरा वर गच्चीवर जाई आणि त्यातूनच भाज्या व फळझाडे वाढत. गोदीच्या भागात, काँक्रीटच्या छतावर हे होऊ शकले, तर नारळाच्या झावळ्या आणि आंब्याचा पाला वर्षभर झाडून जाळणाऱ्या आमच्या शहराला अडचण कसली? (पाला जाळण्याचा धूर दम्याच्या रुग्णांना किती भोवतो, हा आणखी एका लेखाचा विषय आहे.)

रीत सोपी आहे. १० लिटर पाण्यात १ किलो ताजे शेण, १ लिटर गोमूत्र आणि ५० ग्रॅम गूळ कालवून तीन दिवस ठेवावे, दिवसातून दोन-तीनदा ढवळावे. मग त्यात दहापट पाणी मिसळून त्यात वाळका पाला भिजवावा. भिजलेल्या पाल्याचे आणि चिमूट-चिमूट मातीचे थर रचत जावे. काही आठवड्यांत पाला काळसर, भुसभुशीत होऊ लागतो. आम्ही तळाला नारळाची सोडणे घालतो. ती पाणी धरून ठेवतात आणि वजनाला हलकी असतात. वजनाची गोष्ट थट्टेवारी नेऊ नका. ओल्या मातीचा सहा इंचांचा थर चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास भरतो. वावर असलेल्या सामान्य गच्चीचे आरेखन साधारणपणे चौरस मीटरला १५० किलोचा जादा भार धरून केलेले असते. गच्चीवर गाडीभर माती ओतणाऱ्यांनी हे आकडे लक्षात ठेवावेत. पाल्याचे मिश्रण वापरावे, कुंड्या तुळयांच्या वर किंवा कठड्याच्या कडेने ठेवाव्यात, आणि सोसायटीला आधी विचारावे. आमच्या सोसायटीत गळतीवरून दोन सभा झाल्या. गळती जुन्याच भेगेची निघाली, परंतु ती भेग माझ्या खर्चाने भरून दिल्यावरच आमचे वेल निर्दोष ठरले.

काय लावावे याबाबत माझे मत स्पष्ट आहे. वृद्धांच्या घराने ब्रोकोली आणि लेट्यूसच्या मागे लागू नये. या हवेत आपोआप वाढते ते लावावे. मृगाला पडवळ, दोडका, कारले, भेंडी. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने येथल्या पावसाला मानवणारे वाण काढले आहेत. पडवळात 'कोकण श्वेता', दोडक्यात 'कोकण हरिता', कारल्यात 'कोकण तारा'. दिवाळीनंतर लाल माठ, मुळा, मेथी, मिरची. लाल माठ पेरल्यापासून तीन-चार आठवड्यांत काढणीला येतो; अधीर माणसाने आणि आजारातून उठलेल्या माणसाने त्यापासूनच आरंभ करावा. मायाळूचा एक वेल आणि कडीपत्त्याचे एक झाड वर्षभर पुरते. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे नळाचे पाणी दिवसाआड येण्याची वेळ येते. त्या दिवसांत तांदूळ-डाळ धुतलेल्या पाण्यावर जेवढे जगेल तेवढेच ठेवावे, बाकीच्या कुंड्यांना सुट्टी द्यावी. घरच्या बियांची मात्र उपेक्षा करू नये. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाणे जपण्याच्या कार्यासाठी २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा मी आईला तो फोटो दाखवला. तिने तो नीट निरखला आणि विचारले, "हिला पडवळाचं बी हवंय का?"

उत्पन्न किती? हंगामात आमच्या गच्चीवरून आठवड्याला दोन-अडीच किलो भाजी निघते. एका दिवसाच्या गरजेहून थोडी अधिक. गच्चीबाग घराला जगवते असे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. पण तव्यावर जाण्यापूर्वी पाच मिनिटे आधी खुडलेला माठ ज्या आवडीने खाल्ला जातो, त्या आवडीने विकतची जुडी खाल्ली जात नाही. चव गेलेल्या, दात गेलेल्या, "नको" म्हणणाऱ्या वृद्धाला चार घास अधिक घालणे ही काळजी घेणाऱ्यांची रोजची लढाई असते. स्वतः लावलेल्या भेंडीला आई नको म्हणत नसे.

सप्टेंबर २०२२ मध्ये ती पडली.

मी दवाखान्यात होतो. घरी मदतीला असलेल्या ताई खाली दळण आणायला गेल्या होत्या. मांडवावरचे पडवळ काढायला आई प्लास्टिकच्या स्टुलावर चढली. गच्ची ओली होती. उजव्या मांडीचे हाड खुब्याशी मोडले. तिसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली. या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे मी रुग्णांच्या मुलांना अनेकदा समजावून सांगितले आहे: अंथरुणाला खिळणे, छातीत कफ, पाठीला जखमा, गोंधळलेले मन, अनेकजण पुन्हा पूर्वीसारखे चालत नाहीत, काही वर्षभरही काढत नाहीत. त्या रात्री रुग्णालयाच्या बाकड्यावर बसून मी निर्णय घेतला आणि दुसऱ्या दिवशी माणूस बोलावून गच्चीवरच्या सगळ्या कुंड्या वाटून टाकल्या. मांडव मोडला. वैद्य म्हणून आणि मुलगा म्हणून मला ते योग्यच वाटले. कोणीही विचारले असते तर मी तोच सल्ला दिला असता, आणि त्यापूर्वी अनेकांना दिलाही होता.

आई वॉकर घेऊन चालू लागली. हाड उत्तम जुळले. फिजिओथेरपिस्ट समाधानी होते. पण ती चालत कोठे? पलंगापासून खुर्चीपर्यंत. वॉकर हाती दिला की विचारी, "कुठं जायचं?" आणि आमच्यापाशी त्याचे उत्तर नव्हते. डिसेंबरपर्यंत तिचे वजन पाच किलोंनी उतरले. दिवसा झोप, रात्री जाग. मी रक्ताच्या तपासण्या केल्या, थायरॉइड पाहिले, गोळ्या बदलल्या. एके दिवशी ताई म्हणाल्या, "डॉक्टर, रागावू नका, पण तुम्ही यांना पडू देत नाही हे खरं; उठू पण देत नाही." मला राग आला. आठवडाभर राहिला.

पडण्याची भीती आणि पडणे यांचे नाते उलटसुलट आहे. पडेल म्हणून बसवून ठेवले की मांड्यांचे स्नायू झिजतात, तोल जातो आणि माणूस खात्रीने पडतो. पासष्टीपुढच्या लोकांनी आठवड्यातून निदान तीन दिवस तोल आणि ताकद यांचे व्यायाम करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. मी हे वाचलेले होते. घरात मात्र मी त्याच्या नेमके उलट वागलो.

पुढच्या जूनमध्ये कुंड्या पुन्हा आल्या. या वेळी मात्र बाग आईच्या उंचीची केली. गच्चीची फरशी ओली असताना तिकडे जाणे बंदच. त्याऐवजी बाल्कनीत जांभ्याचे चिरे दोन थर रचून त्यांवर पाच कुंड्या ठेवल्या. कठड्याला स्टीलचा पकडदांडा बसवला. तिची खुर्ची हातांची, जड, न सरकणारी. वेल वर चढतो, पण फळ काढायचे काम नातवाचे. स्टूल घरातून हद्दपार झाले. सकाळी आठ ते नऊ ती तेथे बसते; कोवळे ऊन पायांवर येते. उकिडवे बसून एकदम उठल्यास वृद्धांचा, विशेषतः रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या घेणाऱ्यांचा, रक्तदाब क्षणभर उतरतो आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून खाली बसून खुरपणे वृद्धांनी टाळावे; कुंडी वर आणावी. ज्यांना जमिनीवरच काम करायचे आहे त्यांनी उठण्यापूर्वी मिनिटभर पाय लांब करून बसावे आणि आधार धरून उठावे.

आता काळजी घेणाऱ्यांसाठी काही गोष्टी, ज्या मला दवाखान्यात वारंवार सांगाव्या लागतात.

पहिली, कुंडीखालच्या ताटल्यांची. डेंग्यूचा डास गटारात नव्हे, स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आठवड्यातून एकदा ताटली नुसती ओतू नका, घासा. अंडी कडेला चिकटून कोरडी राहतात आणि पाणी आले की पुन्हा जागी होतात. आमच्या घरी ताटल्याच काढून टाकल्या आहेत.

दुसरी, लेप्टोस्पायरोसिस. कोकणात पावसाळ्यात हा आजार दरवर्षी माणसे नेतो. उंदरांच्या मूत्रातून त्याचे जंतू ओल्या मातीत येतात आणि पायाच्या भेगेतून, बोटाच्या चिरेतून शरीरात शिरतात. मागीलदारी काम करताना गमबूट आणि हातमोजे हवेत. परसात काम केल्यावर काही दिवसांनी ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना आणि डोळे लाल झाले तर "पावसाचा ताप" म्हणून घरी थांबू नका, आणि डॉक्टरांना आपण मातीत काम केले हे आपणहून सांगा. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. मधुमेह्यांनी तर अनवाणी मातीत पाऊलही टाकू नये. बधिर पायाला काटा रुतलेला कळत नाही. तो कळतो जखमेला वास येऊ लागल्यावर. शेणमातीत धनुर्वाताचे जंतू असतात, तेव्हा शेवटची धनुर्वाताची लस कधी घेतली हे आठवून पाहा. दहा वर्षे झाली असतील तर पुन्हा घ्या.

तिसरी गोष्ट रत्नागिरीकरांना सांगायला नको, तरी सांगतो. जांभ्याच्या चिऱ्याखाली आणि पाल्याच्या ढिगात फुरसे असते, विंचूही असतो. पाल्यात हात घालण्यापूर्वी काठीने ढवळावे. फुरसे चावल्यास दोरी आवळून बांधू नये, चीर देऊ नये. तो अवयव हलू न देता थेट सरकारी रुग्णालय गाठावे. विंचवाच्या दंशाकडेही "उतरेल" म्हणून पाहू नये. लाल विंचवाच्या विषाने कोकणात मुले आणि वृद्ध दगावत असत; महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या साध्या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यावर ते चित्र पालटले. घाम सुटणे, हातपाय थंड पडणे ही लक्षणे दिसताच रुग्णालयात जावे.

चौथी, औषधे आणि भाज्या यांची. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना, तसेच रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांना पोटॅशियम वाढण्याचा धोका असतो. त्यांनी घरची म्हणून पालेभाजी वाटीभर खाऊ नये. चिरून, उकडून, पाणी टाकून, डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात खावी. रक्त पातळ ठेवणारी वॉरफेरिनची गोळी चालू असेल तर पालेभाजी बंद करण्याची गरज नसते, पण प्रमाण रोज सारखे हवे. एरवी शून्य आणि माठ निघाला की आठवडाभर दोन वेळा, असे नको. मुतखड्याची प्रवृत्ती असलेल्यांनी आळू जपून खावे. बाकी सर्वांनी आळवाचे फदफदे जरूर करावे आणि आंबट घालण्यात कंजुषी करू नये, नाहीतर घसा खाजेल.

शेवटची मी सर्वांत महत्त्वाची मानतो. शीतपेयाच्या बाटलीत कीटकनाशक भरून ठेवण्याची जी सवय आपल्याकडे आहे, ती मोडा. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला बाटली ओळखू येते, आतले द्रव्य ओळखू येत नाही. घरी असा रुग्ण असेल तर विषारी फवारणी घरात आणूच नये. कडुनिंबाचा अर्क आणि हाताने किडी वेचणे एवढ्यावर कुंड्या निभावतात. कण्हेर आणि धोतरा ही झाडेही काढून टाकावीत. पूर्वी रानभाजी अचूक ओळखणाऱ्या हातावर आता भरवसा ठेवू नका. त्याने आणलेला प्रत्येक पाला दुसऱ्या जाणत्या डोळ्याखालून गेल्याशिवाय कढईत जाता कामा नये.

आईची प्रकृती उतरतेच आहे. दोन वर्षांपूर्वी ती माझ्या पत्नीला सूनबाई म्हणे. आता "त्या बाई फार चांगल्या आहेत" असे मला सांगते. वजन मात्र तीन किलोंनी परत आले आहे, आणि सकाळी "कुठं जायचं?" असे ती विचारत नाही. बाल्कनीची वाट वॉकरला पाठ झाली आहे. एक अडचण उरली होती. पेरलेली बी उगवली का हे पाहायला ती दर दोन तासांनी कुंडी उकरी, आणि बी काही केल्या रुजत नसे. ताईंनी त्यावर तोड काढली. पाचवी कुंडी आता केवळ उकरण्यासाठी आहे. आई त्यात सकाळी वाल पेरते, दुपारी वर काढते, पुसून डब्यात ठेवते आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा पेरते. उरलेल्या चार कुंड्यांत खरे काम चालते.

परवा रोहिणी लागल्या. आईने मला हाक मारली. नावाने नाही, "अहो डॉक्टर" अशी. राखेचा डबा उघडून तिने चार बिया मोजून माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाली, "तुमच्याकडं जागा असेल तर लावा. मृगाच्या आधी. आणि मांडव उंच घालू नका, माझा मुलगा ओरडतो."